न्हाणीवरच्या माडाची शहाळी

आगाशीजवळच्या आमच्या नंदाखाल गावातल्या वाड्यांमधून शहाळ्याला कोणी फळ म्हणत नसे. फळ म्हणजे केळं, पपई, फार तर चिकू. शहाळं हे औषध होतं, आणि औषधासारखंच ते कारण पडलं तरच घरात यायचं. आमचे चाळीस-बेचाळीस माड होते, पण उगाच गंमत म्हणून शहाळं पाडा असं बाबांना सांगायची कोणाची छाती नव्हती. कोवळं फळ कारणाशिवाय उतरवलं तर माड रुसतो, असं त्यांचं मत होतं. माड रुसला की पुढच्या वर्षी वांझ पोय, म्हणजे फळ न धरणारा तुरा, काढतो म्हणे. बाबांवर मात्र रुसायची सोय माडांना नव्हती, कारण ते रोज प्रत्येकाच्या बुंध्याशी जाऊन यायचे.

कारण मात्र कुठलंही चालायचं. उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली की शहाळं. जुलाब लागले की शहाळं, आणि ते थांबून उलट तक्रार सुरू झाली तरी शहाळंच. गोवर उठलेल्या पोराला पाणी पाजायचं आणि उरलेल्या पाण्याने त्याचं अंग पुसायचं. तोंड आलं तर आतली मऊ मलई जिभेवर धरून गप्प बसायचं. आमच्या घरात गप्प बसायचा तेवढाच एक प्रसंग. दिवस गेलेल्या बाईला सातव्या महिन्यापासून एक दिवसाआड शहाळं द्यायचे, मूल गोरं व्हावं म्हणून. आई माझ्या वेळी ढीगभर शहाळी प्यायली होती. "बघा, किती गुण आला," असं म्हणून ती पाहुण्यांसमोर माझी हनुवटी वर करायची आणि माझा काळासावळा चेहरा दाखवून हसायची. मला राग यायचा. माझा राग तसा लवकरच यायचा.

पिकलेल्या नारळाची कामं वेगळी. कोंब फुटलेल्या नारळात जो पांढरा गोळा होतो तो अशक्त पोरांना. करवंटी जाळून निघणारं काळं तेल गजकर्णावर. कान दुखला की कोमट खोबरेल, टाच फुटली की खोबरेल, बाळाची नाळ पडली की बेंबीवर खोबरेल. डॉक्टरकडे जायचं म्हणजे माडाने हात टेकले असं कबूल करणं, आणि आमच्या वाडीत कोणाला ते कबूल करायला आवडत नसे.

हे सगळं थोतांड होतं असं मला म्हणायचं नाही. बरंचसं खरं होतं. जुलाबाने गळालेलं पोर शहाळ्याच्या पाण्यावर उठून बसलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि पुढे डॉक्टरही तेच सांगताना ऐकलंय. म्हणून तर आमचा घात झाला. जे नव्याण्णव वेळा बरं करतं त्याच्यावर शंभराव्या वेळी संशय कोण घेणार?

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी घरात एकुलती, लग्न व्हायचं होतं, आणि जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. दिवाळीत आईच्या पायांना सूज आली. आधी आम्ही म्हटलं, फराळाचं करताना उभी राहिली म्हणून. मग सकाळी उठल्यावर तिचे डोळेही सुजलेले दिसायला लागले. शेजारच्या वाडीतली काकी, जिला विचारल्याशिवाय आमच्या आळीत कोणाला ताप येत नसे, तिने आईच्या पोटरीत बोट रुतवून पाहिलं. खड्डा पडला तो बराच वेळ भरला नाही.

"उष्णता," काकी म्हणाली. "लघवी अडकली आत. पानी पाज तिला, आपसूक उतरेल. शहाळ्यासारखं दुसरं काय नय."

बाबांना कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे न्हाणीचं सांडपाणी जिथे जातं तिथे एक माड लावायची पद्धत. आमचा तो माड आईने लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात लावला होता, माझ्याहून वर्षभराने मोठा. तिच्या पंचवीस वर्षांच्या आंघोळीच्या, धुण्याभांड्याच्या पाण्यावर तो वाढलेला. त्याच्या पाण्याची गोडी वाडीतल्या दुसऱ्या कुठल्याच माडाला नव्हती. दुसऱ्या दिवसापासून बाबा त्या माडावर चढायला लागले. दोन शहाळी सकाळी, दोन संध्याकाळी; त्या माडाची पुरेनाशी झाली की शेजारच्या माडांची. बाबांची शहाळं तासायची एक रीत होती: वरून तीन तिरपे घाव, आणि कोयत्याच्या टोकाने बरोबर रुपयाएवढं तोंड. एक थेंब सांडत नसे. बोलणारा माणूस नव्हता तो. आईशी त्याचं जे काही बोलणं असेल ते त्या तीन घावांत असायचं.

त्यात भेटायला येणाऱ्यांची भर. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना आपल्या वाडीतलं शहाळं न्यायचं, स्वतःच्या हाताने फोडायचं आणि समोर बसून पाजायचं. आजाऱ्याने अर्धं ठेवलं तर, "आमसं पानी गोड नय लागलं काय?" आई भिडस्त. कोणाचंही अर्धं ठेवायची नाही. चार महिने ती अशी शहाळी पीत राहिली, आणि चार महिने आम्ही तिच्याकडे बघून म्हणत राहिलो की आता उतरतेय सूज. सूज चढत होती. अंगाला खाज सुटायला लागली, अन्नाचा वास सोसेना, चार पावलं चाललं की धाप. काकी म्हणाली, शहाळी कमी पडतायत.

फाल्गुनात आगाशीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आईचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नावे चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. आईला बाहेर बाकावर बसवून त्यांनी मला आणि बाबांना आत घेतलं. आई काय काय खाते-पिते ते विचारलं. मी भात, मासे, भाजी असं सांगत होते, तेवढ्यात बाबा मध्येच म्हणाले, "आनि शहाळी. आमसीच. रोज चार."

इतक्या अभिमानाने बोलताना मी त्यांना फार क्वचित ऐकलं होतं. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"रोज चार? किती दिवस?"

"दिवाळीपासनं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला भांडायला कोणी मिळालं असतं. त्यांनी माझ्याकडे वळून सावकाश समजावलं. शहाळ्याच्या पाण्यात एक क्षार असतो. धडधाकट माणसाला तो चांगला, कारण जास्त झालेला क्षार त्याची मूत्रपिंडं बाहेर टाकतात. आईची मूत्रपिंडं आता ते काम करत नव्हती. तो क्षार रक्तात साठत जातो आणि एक दिवस हृदय चालताचालता थांबतं. शहाळं पूर्ण बंद. साधं पाणीसुद्धा दिवसाला एक लोटी, त्यातच चहा, त्यातच औषध. तहान लागली तर चूळ भरायला हरकत नाही, पण गिळायचं नाही.

"आमच्या शहाळ्यांनीच झालं का हे?" मी विचारलं.

"मूत्रपिंडं आधीच बिघडलेली होती," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य बोलल्या नाहीत. मी शिक्षिका. अर्धवट सोडलेलं उत्तर मला चटकन ओळखू येतं.

बाबांनी विचारलं, "मग पिकल्या नारळाचं पानी?" त्या म्हणाल्या, नाही. "ओलं खोबरं?" तेही नको. "केळी? आमसी घरची आहेत." केळीही नको. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते. वाडीत जे जे पिकत होतं ते सगळं त्यांनी एकेक करून त्या टेबलावर मांडलं आणि ते एकेक करून परत आलं. शेवटी ते म्हणाले, "मग तिला देऊ काय?" यंत्रावर रक्त धुवायची सोय तेव्हा मुंबईत मोजक्या ठिकाणी होती, आठवड्यातून दोनदा, जन्मभर, आणि आधीच रांगेत तरुण माणसं होती. तुमच्या आईचा नंबर लागेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही, असं त्या बाईंनी मला सरळ सांगितलं. किती दिवस, ते मीही विचारलं आणि त्यांनीही सांगितलं. पावसाळा बघतील असं त्यांना वाटत नव्हतं.

बाहेर आलो तर आई बाकावर शेजारच्या बाईला तिच्या मुलाच्या खोकल्यावर काय द्यायचं ते सांगत होती. नारळाचं दूध आणि हळद.

त्या दिवसापासून आमच्या घरात करण्यासारखं एकच काम उरलं, नाही म्हणायचं. आणि ते मी अंगावर घेतलं, कारण नाही म्हणण्यात माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कोणी नव्हतं. बाबांचा मला भरवसा नव्हता. आईचा तर मुळीच नव्हता. समोर कोणी शहाळं धरलं तर भिडेपोटी ती पिणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मुंबईहून आलो त्याच संध्याकाळी मी तिच्यापुढे ओट्यावर बसले आणि म्हटलं, माझ्या डोक्यावर हात ठेव.

तिने हात मागे घेतला. "भलत्या शपथा घालू नये गो."

"ठेव."

तिने ठेवला. सुजलेला, जड, खोबरेलाचा वास येणारा. मी म्हटलं, "शहाळ्याचं पाणी गिळणार नाही, म्हण. गिळलंस तर मी मरेन."

मग हळूच म्हणाली, "नय गिळणार."

शाळेत माझ्या वर्गातली पोरं पेन्सिलीवरून आईच्या, देवाच्या शपथा घ्यायची, तेव्हा मी त्यांना झापत असे. शपथेने कोणी मरत नाही, सरळ खरं बोलायला शिका, असं माझं ठरलेलं भाषण होतं. पण आई शपथेला मानायची, आणि ते मला उपयोगी होतं.

पाहुण्यांचा बंदोबस्तही मीच केला. कोणी शहाळं घेऊन आलं की मी दारातच ते घ्यायची आणि मागच्या दाराने शेजारी देऊन टाकायची. काकीला कळल्यावर ती तरातरा आली. हातात तिच्या वाडीतलं शहाळं, कोयता काखेत.

"बाजूला हो. मी पाजते तिला."

"डॉक्टरांनी बंद केलंय, काकी."

"डॉक्टर कटे राहतो? मुंबईला. त्याला काय ठाव माडाचं? आजवर शहाळ्यानं कोन मेलं सांग मला."

मला सांगता आलं नाही. खरोखरच कोणी मेलं नव्हतं. तिचं म्हणणं तिच्या उभ्या आयुष्याने तिला शिकवलेलं होतं, आणि माझ्याकडे फक्त एका बाईने अर्ध्यावर सोडलेलं एक वाक्य होतं. मी तिच्या हातातलं शहाळं काढून घेतलं आणि अंगणात भिरकावलं. ते फुटलं नाही, नुसतं गडगडत जाऊन विहिरीच्या कठड्याला थडकलं. आजाऱ्यासाठी आणलेलं शहाळं जमिनीवर फेकलेलं आमच्या आळीत कोणी पाहिलं नव्हतं. "पोरीनं आईचं पानी तोडलं," काकी जाताना मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शाळा शिकून हे शिकली."

त्यानंतर भेटायला येणारी माणसं कमी झाली. आली तरी रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून अवघडून उभ्याउभ्या जायची. आई त्यांना बसा म्हणायची, आणि ती माणसं माझ्याकडे बघायची.

वैशाख होता. वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं असायचं आणि आईला ते नुसतं ऐकू यायचं. पितळेची एक लोटी मी सकाळी भरून तिच्याजवळ ठेवायची, दिवसभराची. तिने ती पुरवून पुरवून प्यायची. पहिल्या आठवड्यात दुपारीच संपायची आणि मग ती काही न बोलता लोटी उपडी घालून ठेवायची. नंतर नंतर तिला जमायला लागलं. ओठांना भेगा पडल्या होत्या, जीभ टाळ्याला चिकटायची, बोलताना टचटच आवाज यायचा. ती न्हाणीजवळ, माडाच्या सावलीत खाट टाकून मागायची. डोक्यावर शहाळ्यांचे घड, आणि खाली ही. मला ते बघवत नसे म्हणून मी तिची खाट पुढच्या ओट्यावर नेली. मी शाळेत गेले की ती बाबांना सांगून पुन्हा मागे न्यायची. तेवढं मी चालवून घेतलं.

त्या दिवसांत माझ्या मनात काय होतं ते खरं सांगायचं तर, मी हिशेब मांडला होता की नियम पाळले तर डॉक्टर चुकतील. मी तिला पावसाळा दाखवणार होते. सकाळी उठून तिचा श्वास चालू आहे हे पाहिलं की मला वाटायचं, हा दिवस माझ्या नाही म्हणण्याने मिळाला. आपल्या हातात काही आहे असं वाटायला माणसाला काहीतरी लागतं. माझ्या हातात ती लोटी होती.

आगाशीचे म्हातारे डॉक्टर शेवटचे आले ते ती जायच्या दोन दिवस आधी. नाडी पाहिली, पायांकडे पाहिलं, सुजेने ते पार गुडघ्यांपर्यंत चकाकत होते. अंगणात येऊन मला म्हणाले, "आता पथ्य राहू दे, बाळ. मागेल ते द्या." मी त्यांना बरं म्हटलं. फाटक लावून घेतलं आणि त्यांचं बोलणं मला ऐकूच आलं नाही असं ठरवून टाकलं. मागेल ते दिलं म्हणजे सगळं संपलं असं झालं असतं. मी आत जाऊन लोटी भरली, रोजच्याएवढीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले होते. उन्हाळ्यामुळे सकाळची शाळा, आणि सुट्टी लागायला दोनच दिवस उरलेले. आई जागी होती. आदल्या दिवसापेक्षा बरी वाटत होती, चेहऱ्यावर थोडी तरतरी होती. ती म्हणाली, "शपथ सुटली म्हण गो."

आमच्याकडे घातलेली शपथ उतरवायचा मार्ग सोपा. ज्याने घातली त्याने "सुटली" म्हणायचं, की ती सुटते. लहानपणी आम्ही पोरीपोरी खेळताना दिवसातून दहा वेळा एकमेकींना घालायचो आणि हातापाया पडून सोडवून घ्यायचो. आईचा तो खेळातला सूर ऐकून मला वाटलं, ही आता मला गुंडाळतेय. हिने मागायचं आणि मी विरघळायचं.

"कशाला?" मी म्हटलं.

"म्हण ना. एकदाच."

"मला उशीर होतोय, आई. संध्याकाळी बघू."

ती हसली, ओठ ताणले की दुखायचे म्हणून अर्धवटच. म्हणाली, "जा. छत्री घे, ऊन आहे."

मी अकरा वाजता परत आले तेव्हा फाटकाशी काकी उभी होती. इतक्या दिवसांनी ती आमच्या फाटकाशी आली यावरूनच मला कळलं. बाबा मागे खाटेपाशी बसलेले होते आणि आईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. हृदय चालताचालता थांबलं होतं, त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं. लोटी अर्धी भरलेली होती.

नंतरचं सगळं रीतीप्रमाणे झालं. काकी तेरा दिवस आमच्या चुलीपुढे बसली आणि माझ्याशी एक शब्द वाईट बोलली नाही. मला ते जास्त लागलं.

पावसाच्या आधी माडांची आळी साफ करावी लागतात. बुंध्याभोवती जो खोलगट गोल असतो त्यातल्या वाळक्या झावळ्या काढायच्या, माती उकरायची, शेणखत घालायचं. दरवर्षी ते काम आई आणि बाबा करायचे. त्या वर्षी मी गेले. एकेक आळं करत न्हाणीवरच्या माडाशी आले, झावळ्या ओढल्या, आणि खाली शहाळी होती. रिकामी, सुकून तपकिरी पडलेली, एकमेकांना चिकटून व्यवस्थित लावलेली. मोजायचं धैर्य माझ्यात नव्हतं. कमी नव्हती. प्रत्येकाला वरून तीन तिरपे घाव, आणि रुपयाएवढं तोंड.

दिवाळीपासूनची ती नव्हती. ती आम्ही चैत्रातच फोडून जळणात घातली होती.

बाबा दोन माडांपलीकडे कुदळ चालवत होते. त्यातलं एक शहाळं उचलून मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. आयुष्यात बाबांना मी कधी अरेतुरे केलं नव्हतं, त्या दिवशी तेवढंच करायचं बाकी ठेवलं. तुम्ही मारलंत तिला, असं म्हटलं. मी शाळेत गेले की रोज पाजत होतात. मी इकडे घोटाघोटाने तिचा जीव धरून ठेवत होते आणि तुम्ही मागच्या मागे तिला ते विष देत होतात. आळीभर ऐकू गेलं असणार. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट कित्येक दिवसांनी छातीवरचं ओझं हललं. कोणीतरी सापडलं होतं.

बाबांनी माझं सगळं होऊ दिलं. मग कुदळ खाली ठेवली.

"गिळलं नय तिनं," ते म्हणाले.

मला कळेना.

"तोंडात घ्यायची नुसती. गाल फुगवून बसायची, लहान पोर बसते तशी. बराच वेळ. मग आळ्यात थुंकायची. रोज एक शहाळं असं." ते माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या शहाळ्याकडे बघत होते. "मी बोललो, गिळ गो, कोन बघतंय? मान हलवायची. पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय, बोलायची."

"एकदाही नाही?"

"एकदाही नय. शेवटच्या दिवशी मी लई बोललो. तू गेल्यावर. आता तरी घे एक घोट. बोलली, संध्याकाळी पोरगी सुटली म्हननार आहे, मग घेते. तासून ठेवलेलं मी."

मी ते शहाळं परत आळ्यात ठेवलं, होतं तिथेच. बाबांनी कुदळ उचलली आणि आम्ही दोघांनी मिळून त्यावर माती ओढली. त्यांनी मला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढची अकरा वर्षं ते होते तेव्हाही नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात मूत्रपिंडं ठणठणीत होती आणि डॉक्टरांनी शहाळं आवर्जून द्यायला सांगितलं होतं. आळीतून रोज कोणी ना कोणी घेऊन यायचं. ते हाताने दूर सारायचे.

आता विरारला माझ्या घराखाली गाडीवर शहाळी मिळतात. डॉक्टरही सांगतात, प्या, तुम्हाला चांगलं. ते चांगलं असतं हे मला ठाऊक आहे. शपथेने कोणी मरत नाही हेही मला तेव्हा ठाऊक होतं. मी शपथ मानत नव्हते. ती मानते हे माहीत होतं म्हणून मी घातली, आणि माझा जीव जाऊ नये म्हणून माझी आई गोड पाणी तोंडात धरून रोज थुंकत राहिली. तिला एक शब्द हवा होता. त्या सकाळी मी तिला उशीर होतोय म्हणाले, पण शाळेची घंटा व्हायला अजून अर्धा तास होता आणि शाळा दहा मिनिटांवर होती.